कंपनी नंतर, आधी कौलांवरून काय दिसतं ते बघा

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. थोडक्यात सांगते. त्या, त्यांचे यजमान आणि सासूबाई मिळून चार खोल्यांचं होमस्टे चालवतात. यजमान महिन्यातले बरेच दिवस घरूनच पुण्यातल्या कंपनीचं काम करतात, मुलगी आठवीत आहे, एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी असतात. आजवर दोन मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सगळं निभावलं. पण पाहुणे "वायफाय नाही चालत" असं लिहून जातात, आणि यजमानांची मीटिंग मध्येच तुटते. समोर तीन पर्याय आहेत. पहिला एका मोठ्या कंपनीचं फाइव्ह-जीवरचं घरगुती इंटरनेट. चिपळूणचा विक्रेता म्हणतो, "तुमच्याकडे फुल रेंज आहे, वर्षाचे पैसे एकदम भरा, जोडणी फुकट." दुसरा वाडीतल्याच एका मुलाचं, छपरावर डिश लावून मिळणारं वायरलेस इंटरनेट. वेग कमी, आणि "तो आपल्यातलाच, उद्या नेट बंद पडलं तर भांडायचं कसं? देवळात रोज भेट होते." तिसरा बीएसएनएलचं फायबर. ते ग्रामपंचायतीपर्यंत आलंय, त्यांच्या घरापासून सहाशे मीटरवर. लाइनमन म्हणतो, "पावसानंतर बघू." यजमानांना ३०० एमबीपीएसचा प्लॅन हवाय (एमबीपीएस म्हणजे इंटरनेटचा वेग मोजायचं माप). पुण्यातला भाचा म्हणतो, काही घेऊ नका, उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकसाठी थांबा. ताईंचा प्रश्न: सगळ्यात चांगली कंपनी कुठली?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वेगाबद्दल त्यात बऱ्याच ओळी आहेत आणि लाईट जाण्याबद्दल एकच, तीही कंसात. गुहागरच्या पावसाळ्याचं हे प्रमाण मला उलटं वाटतं. त्याकडे नंतर येते. आधी एक गोष्ट तपासा, तिला पैसे पडत नाहीत.

तुमचं घर चिऱ्याचं आहे. चिऱ्याच्या जाड भिंतीतून वायफाय जेमतेम एक भिंत पार करतं, दुसऱ्या भिंतीला ते थकतं. माजघरातल्या खिडकीत ठेवलेल्या फोनचा हॉटस्पॉट खळ्यापलीकडच्या खोल्यांत पोचत नसेल, तर त्यात टॉवरचा काय दोष? फोन जिथे ठेवता तिथे, त्याच्या शेजारी उभं राहून वेग मोजा. मग पाहुण्यांच्या शेवटच्या खोलीत जाऊन मोजा. शेजारी १५ एमबीपीएस आणि खोलीत १ येत असेल, तर ३०० चा प्लॅन घेऊनही त्या खोलीतला पाहुणा तेच लिहून जाईल. त्याला उपाय म्हणजे राउटरपासून खोल्यांपर्यंत पीव्हीसी पाइपातून नेलेली लॅन केबल आणि तिकडे लावलेला दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तिथल्या तिथे वायफाय देणारं यंत्र. इंटरनेट कुणाचंही घेतलंत तरी हे काम करावंच लागणार आहे. म्हणून तेच आधी करा.

आता ३०० चं. यजमानांना विचारा की मीटिंगमध्ये नेमकं काय तुटतं. समोरच्यांचा आवाज येतो पण यांचा जात नाही, असं असेल तर अडचण अपलोडची, म्हणजे घरातून बाहेर जाणाऱ्या वेगाची आहे. जाहिरातीतला मोठा आकडा डाउनलोडचा असतो. व्हिडिओ मीटिंगला दोन्हीकडे दोन ते चार एमबीपीएस पुरतात, पण ते सलग मिळायला हवेत. एचडी सिनेमाला पाच लागतात. पेट्यांच्या ऑर्डरी, यूपीआय, बुकिंगचे मेसेज हे सगळं मिळून एक एमबीपीएससुद्धा खात नाही. चारही खोल्या भरलेल्या, घरात मीटिंग चालू आणि मुलगी अभ्यासाचे व्हिडिओ बघतेय, अशा संध्याकाळीही ४० ते ५० एमबीपीएस खरोखर मिळाले तर कुणाची तक्रार येऊ नये. 'खरोखर मिळाले तर' यावर माझा सगळा भर आहे.

शिवाय एक मर्यादा असते, ती विक्रेता आपणहून सांगत नाही. फाइव्ह-जीवरच्या घरगुती प्लॅनमध्ये 'अनलिमिटेड' लिहिलेलं असलं तरी साधारण महिन्याला १००० जीबीनंतर वेग उतरवतात. १०० एमबीपीएसचा नळ पूर्ण सोडून ठेवला तर हे हजार जीबी बावीस तासांत संपतात. तसं कुणी वापरत नाही, हे खरं. पण चार खोल्यांत रोज तीन-तीन तास एचडी सिनेमा धरा, तासाला तीन जीबीपर्यंत. दिवसाचे ३६ जीबी झाले. महिनाभर घर भरलेलं राहिलं तर हजारावर गेलात. म्हणजे तुमच्यासाठी वेगाइतकीच ही मर्यादा महत्त्वाची. आणि होमस्टे हा व्यवसाय आहे, तेव्हा घरगुती प्लॅनच्या अटींत व्यावसायिक वापर बसतो का, जीएसटीचं बिल तुमच्या व्यवसायाच्या नावावर मिळेल का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. किंमत सांगताना १८ टक्के जीएसटी बहुधा बाहेर ठेवलेला असतो, तोही धरा.

आता "फुल रेंज"बद्दल. जिओ एअरफायबर काय किंवा एअरटेलचं एक्स्ट्रीम एअरफायबर काय, २०२३ मध्ये शहरांत सुरू झालेल्या या सेवा मोबाइलच्याच टॉवरवरून येतात. छपरावर एक डबी लावतात, ती टॉवरशी बोलते आणि खाली राउटरला केबल देते. त्यामुळे विक्रेत्याच्या मोबाइलवर खळ्यात फाइव्ह-जी दिसलं, एवढ्यावर काही ठरत नाही. डबी जिथे बसणार त्या उंचीवर, रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, वेग मोजायचा. त्या कंपनीचं फाइव्ह-जी सिम असलेला फोन कुणाकडून तरी चार दिवस मागून घ्या. टॉवर सगळ्या गावाचा असतो. गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले की तोच टॉवर कसा गळपटतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिमग्यालाही तेच. तुमच्या खोल्या नेमक्या त्याच दिवसांत भरतात. दुपारी तीन वाजता काढलेल्या स्क्रीनशॉटवर वर्षाचे पैसे भरू नका. कंपन्यांनी आपल्या सेवेचे नकाशे वेबसाइटवर द्यायचे, असा ट्राय या दूरसंचार नियामकाचा २०२४ चा नियम आहे. तो नकाशा उघडून तुमची वाडी रंगात आहे का बघा. नकाशात वाडी कोरी असेल तर विक्रेत्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. रंगात असेल तरी छपरावरची परीक्षा चुकत नाही.

वाडीतल्या त्या मुलाची डिश ही वेगळी जात आहे. तिचा मोबाइलच्या टॉवरशी संबंध नाही. ती ५ गिगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यात चालते. हा पट्टा सरकारने २०१८ मध्ये आणखी मोकळा केला, त्याला परवाना लागत नाही, म्हणूनच गावोगावची मुलं हा धंदा करू शकतात. लहरींना परवाना लागत नसला तरी इंटरनेट विकायला लागतो. त्याच्याकडे स्वतःचा तरी परवाना हवा किंवा तो कुठल्या तरी परवानाधारक कंपनीचा फ्रँचायझी तरी हवा. बरेच जण दुसऱ्या प्रकारचे असतात आणि त्यात वावगं काही नाही. तुमच्याकडून ओळखीचे कागद घेऊन त्याने फॉर्म भरून घेतला, कंपनीच्या नावाचं बिल दिलं, तर ठीक. स्वतःच्या घरचं कनेक्शन दहा घरांना वाटून रोख पैसे घेत असेल, तर तिथून मागे फिरा.

या डिशची खरी परीक्षा मधल्या झाडांशी असते. त्याची मुख्य डिश जिथे आहे ती जागा तुमच्या कौलांवरून सरळ दिसली पाहिजे. नुसती दिसूनही भागत नाही, त्या रेषेच्या भोवती मोकळी जागा लागते. अंतर पाच किलोमीटर असेल तर मधोमध ही जागा सगळ्या बाजूंनी आठेक मीटरची होते, आणि त्यातली निम्म्याहून जास्त मोकळी हवी. म्हणजे माडाचा शेंडा रेषेच्या चार मीटर खाली असला तरी तो आड येतो. आणि इथे आपल्याकडची एक गंमत आहे. बहुतेक जण पाहणी करतात उन्हाळ्यात, पाऊस लागायच्या आधी सगळं उरकायचं म्हणून. तेव्हा साग उघडाबोडका असतो, ऐनाचीही पानं गळलेली. पलीकडचा डोंगर स्वच्छ दिसतो, सिग्नल उत्तम येतो, फोटो निघतात. जुलैत त्याच सागाला ताटाएवढी पानं येतात आणि प्रत्येक पान पाण्याने निथळत असतं. नुसत्या पावसाने ५ गिगाहर्ट्झचं फारसं बिघडत नाही, ओल्या पानांनी बिघडतं. म्हणून त्या मुलाला विचारायचा पहिला प्रश्न असा: "मागच्या श्रावणात तुझी आमच्या बाजूची कुठली घरं चालू होती?" आणि त्या घरी जाऊन चहा प्या. एवढी खात्रीची माहिती कुठल्याच कंपनीच्या कॉल सेंटरवर मिळणार नाही.

आणखी काही त्याला विचाराल. एका डिशवर किती घरं आहेत? त्याला स्वतःला इंटरनेट कुठून येतं? मुख्य डिशपाशी लाईट गेल्यावर बॅटरी किती तास चालते? जादा रेडिओ (डिशला जोडलेलं, सिग्नल देणारं-घेणारं यंत्र) घरात ठेवलेला असतो का, की बिघडल्यावर मुंबईहून मागवायचा? तो स्वतः लग्नाकार्याला बाहेरगावी गेला तर शिडी घेऊन कोण चढणार? शेवटच्या प्रश्नाला तो हसला आणि उत्तर दिलं नाही, तर तेच उत्तर समजा.

तुम्ही लिहिलंय, तो आपल्यातलाच, भांडायचं कसं. पत्रातलं हे सगळ्यात प्रामाणिक वाक्य. पण त्यामागे असा हिशेब दिसतो की लांबचा माणूस धंदेवाईक आणि जवळचा अडचणीचा. मला तो तितकासा पटत नाही. मोठ्या कंपनीकडे तक्रार केली की गोड आवाज आणि तक्रार क्रमांक मिळतो, माणूस चिपळूणहून कधी येईल ते दरड आणि रस्ता ठरवतात. वाडीतला मुलगा रविवारीही छपरावर चढतो, फक्त तक्रार क्रमांक देत नाही. त्याच्याशी भांडावं लागू नये म्हणून सुरुवातीलाच व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहून पाठवा आणि त्याच्याकडून "हो" घ्या: महिन्याचे किती, किती तारखेला, रेडिओ आणि डिश कुणाच्या मालकीची, अनामत किती, सलग तीन दिवस बंद राहिलं तर त्या दिवसांचे पैसे वजा. आणि तुमच्या बाजूने पैसे तारखेला द्या. "देते रे नंतर, तू काय परका आहेस" असं आपण म्हणतो आणि दोन महिने निघून जातात. मग त्याने फोन उचलला नाही तर बोलायला तोंड राहत नाही.

आता लाईट. राउटर १२ व्होल्टवर चालतो. त्याच्यासाठी दीड-दोन हजारांत छोटा डीसी यूपीएस मिळतो, राउटर काही तास सहज ओढतो. डिश घेतलीत तर तिचा रेडिओ लॅन केबलमधूनच वीज घेतो, तेव्हा यूपीएस घेताना ती सोय असलेला घ्या. नाहीतर राउटर चालू आणि डिश बंद, असं होतं. ॲक्सेस पॉइंटही विसरू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर या सगळ्यांचे प्लग त्याच्या लाइनवर आहेत का, एवढं बघा. पण घरात वीज ठेवून टॉवर उठत नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या बाजूला माणसांच्या हातात चार्ज केलेले फोन होते आणि टॉवरच बंद होते. तशा दिवसांचा बंदोबस्त कुठल्याच प्लॅनमध्ये नसतो. रोजच्या तीन-चार तासांचा मात्र करता येतो. आणि मेच्या शेवटी किंवा परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की डिशची केबल ॲडॅप्टरमधून काढून ठेवायची. अर्थिंग केलेलं असलं तरी.

यात एक प्रश्न कुणीच विचारलेला नाही: वायरलेसच हवं, असं ठरवलं कुणी? सहाशे मीटरवर फायबर आहे. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेटचाच पुढचा भाग म्हणून आता स्थानिक उद्योजकांमार्फत घरोघरी जोडण्या देण्याची योजना आहे. फायबर घरात आलं तर वरची सगळी चर्चा बाजूला पडते, मग साग किती पानांनी फुटला हे बघायची गरज नाही. फायबर तुटतं, हे मान्य. फांदी पडते, रस्त्याच्या कामात जेसीबी केबल उचकटतो. पण तुटलेली केबल जोडता येते, दिसत नसलेला टॉवर कुणी दाखवू शकत नाही. लाइनमनच्या "बघू"वर विसंबू नका. ग्रामपंचायतीत विचारा की तुमच्या भागाचा जोडणी देणारा माणूस कोण, आणि लेखी अर्ज द्या. वाडीतली पाच-सहा घरं मिळून दिलात तर आणखी बरं. एका घरासाठी सहाशे मीटर केबल ओढायला कुणी राजी नसतो, सहा घरांसाठी होतो. संचारसाथी पोर्टलवर पिनकोड टाकला की त्या भागात तारेवरचं इंटरनेट कोण देतं ते दिसतं, तेही बघून ठेवा. कदाचित आणखी कुणी असेल.

म्हणजे तुमचा निर्णय वर्षाचा नाहीच. फायबर दिवाळीच्या आगेमागे येण्याची शक्यता आहे, न येण्याचीही आहे, आणि तोवरचा पावसाळा काढायचा आहे. म्हणून त्या विक्रेत्याच्या वर्षाच्या सवलतीला नको म्हणा. जोडणीचे हजारेक रुपये वाचतात, पण बारा महिने अडकून पडता. महिन्याचं किंवा फार तर तीन महिन्यांचं घ्या.

माझा कौल असा. श्रावणातली चौकशी समाधानकारक निघाली तर मुख्य जोडणी वाडीतल्या मुलाची, ५० एमबीपीएसच्या आसपास, महिन्याच्या बोलीवर. जोडीला सिम घालायचा एक साधा फोर-जी राउटर. त्यात तुमच्याकडे खरी रेंज असलेल्या कंपनीचं सिम, मग ते कुणाचंही असो. डिश बंद पडली की मीटिंग आणि यूपीआय त्यावर. दोन जोडण्या आपोआप बदलणारा राउटरही मिळतो, यजमानांना ते जमेल. फक्त एक बघा: मुलाला इंटरनेट ज्या फायबरवरून येतं, त्याच फायबरवर मोबाइलचा टॉवरही असेल, तर रस्त्यात एक जेसीबी चालला की दोन्ही एकदम जातात. कागदावर दोन पर्याय, प्रत्यक्षात एक. तसं असेल तर सिम दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या टॉवरचं घ्या. चौकशीत डिश नापास झाली आणि छपरावर रात्री नऊला फाइव्ह-जीचे ५० एमबीपीएस सलग मिळाले, तर उलटं करा: मोठी कंपनी मुख्य, दुसऱ्या कंपनीचं सिम आधाराला. दोन्ही नापास, तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं आणि दोन राउटर, आणि फायबरच्या अर्जाचा पिच्छा. यजमानांना ३०० मिळणार नाहीत, पण मीटिंग तुटणार नाही. त्यांना हवं ते हेच असावं, असा माझा अंदाज आहे.

भाच्याला सांगा, स्टारलिंकला भारतात जून २०२५ मध्ये परवाना मिळाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने त्यांच्याशी प्राथमिक करार केला, पण त्यात नावं गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिमची आहेत. ज्या दिवशी तुमच्या पत्त्यावर जोडणी आणि तिची किंमत दिसेल, त्या दिवशी विचार करू. तिलाही आकाशाचा मोठा तुकडा मोकळा लागतो, आणि तुमच्या घराभोवती माड आहेत.

मोठ्या कंपनीशी व्यवहार झाला आणि बिनसलं, तर क्रम लक्षात ठेवा. आधी ग्राहक सेवा आणि तक्रार क्रमांक. मग त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण, हे प्रत्येक कंपनीला ठेवावंच लागतं. त्यानंतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. टेलिकॉमची तक्रार ग्राहक न्यायालयात चालत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ती चालते, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

तोवर होमस्टेच्या जाहिरातीत 'हायस्पीड वायफाय' लिहिलं असेल तर ते काढा. 'खोल्यांत वायफाय आहे, लाईट गेल्यावरही काही तास चालतं' असं लिहा, अर्थात केबल आणि यूपीएस बसवून झाल्यावर. पाहुण्यांसाठी वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड ठेवा, म्हणजे यजमानांच्या कामाच्या लॅपटॉपचं नेटवर्क त्यांच्यापासून अलग राहील. तो पासवर्ड दर महिन्याला बदला, आणि खोलीतल्या चहाच्या ट्रेमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवा, म्हणजे सासूबाईंना दर पाहुण्याला तो सांगत बसावं लागणार नाही.